डीएनए लसीच्या मागे घालवलेली साडेतीन वर्षं

परवा एका लग्नात नात्यातल्या काकूंनी विचारलं, तू ते लसीचं करत होतीस ना ग, मग आली का बाजारात? म्हटलं नाही काकू, उंदरापर्यंतच आली. त्या हसल्या, मी पण हसले, पण घरी येऊन वाटलं की हे एकदा लिहून काढावं, कारण लस कशी बनते हे सगळ्यांना वाटतं त्यापेक्षा फार वेगळं असतं आणि त्यातला मोठा भाग अगदी कंटाळवाणा असतो.

मी नागपूरचीच. एमएस्सी बायोटेक झाल्यावर २०१८ च्या जूनमध्ये एका लॅबमध्ये प्रोजेक्ट फेलो म्हणून लागले, कुठली ते राहू द्या. काम होतं हर्पीसविरुद्ध डीएनए लस. हर्पीस म्हटलं की लोक लगेच तोंड वाकडं करतात, पण आमचा व्हायरस साधा ओठावरचा, एचएसव्ही-१. ताप येऊन गेला की ओठाच्या कडेला पुळ्या येतात, आग होते, आठवड्याभरात खपली धरून जातात, तोच. आमची आजी म्हणायची "ताप बाहेर पडला". जगात ५० च्या आतल्या दर तिघांत जवळपास दोघांना हा होऊन गेलेला असतो, बहुतेक लहानपणीच, आणि कित्येकांना कळतही नाही. एकदा आला की जात नाही, गालामागच्या नसांच्या गाठीत जाऊन झोपतो आणि ऊन, जागरण, परीक्षा, काही निमित्त झालं की परत ओठावर येतो. मला दर सेमिस्टरला यायचा. क्वचित डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, मेंदूत गेला तर जिवावर बेतू शकतं, म्हणून लस हवी. आणि इतकी वर्षं जगभर लोक मागे लागलेत पण अजून नाहीये. या व्हायरसच्या चुलतभावावर, म्हणजे एचएसव्ही-२ वर, अमेरिका आणि कॅनडात ८,३२३ बायकांवर प्रोटीनची लस तपासली होती, २०१२ मध्ये निकाल छापून आला, एचएसव्ही-२ ला ती रोखू शकली नाही. ते प्रोटीन जीडी नावाचं, व्हायरसच्या अंगावरचं. आमचं पण जीडीच, फक्त आम्ही प्रोटीन न देता त्याचा जीन देणार होतो.

म्हणजे कसं, की नेहमीच्या लसीत तुम्ही शरीराला तयार भाजी देता, डीएनए लसीत भाजीची रेसिपी पाठवता आणि म्हणता तुमच्याच घरी करा. रेसिपी एका गोल डीएनएवर लिहिलेली, त्याला प्लाझ्मिड म्हणतात. तो स्नायूत टोचला की काही पेशी तो आत घेतात, जीडी बनवतात, आणि आपली इम्यून सिस्टीम ते बघून तयारीला लागते. ही कल्पना सुचली तेही गंमतच. १९९० मध्ये वुल्फ आणि त्याच्या टीमने उंदराच्या पायात नुसता डीएनए टोचला, कशात गुंडाळलेला नाही काही नाही, आणि स्नायूने त्याचं प्रोटीन बनवलं, दोन महिने बनवत राहिला. आमच्या लॅबचे सर सांगायचे की तो नुसता डीएनए त्यांनी कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेपुरता, ठेवला होता, चालणार नाही म्हणून. मला पहिल्या दिवशी हे ऐकून वाटलं, एवढं सोपं आहे तर आपण दोन वर्षांत करून टाकू. हाव ना, टाकलं.

सुरुवात जीन मागवण्यापासून. हल्ली जीन कोणी व्हायरसमधून काढत बसत नाही, कंपनीला डीएनएची अक्षरं (ए, टी, जी, सी) पाठवायची, ते बनवून देतात. शिवाय हर्पीसच्या डीएनएमध्ये जी आणि सी फार, जवळपास ६८ टक्के, आणि माणसाच्या पेशीला ज्या धाटणीचे शब्द सवयीचे असतात तसे ते नसतात, म्हणून प्रोटीन तेच ठेवून अक्षरं बदलून घेतात, त्याला कोडॉन ऑप्टिमायझेशन म्हणतात. ब्रिस्बेनचे इयान फ्रेझर, ज्यांचा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या लसीमागे हात आहे तेच, त्यांनी एचएसव्ही-२ च्या डीएनए लसीत हेच केलं होतं आणि थोड्या माणसांवर तपासलं पण होतं. आमचा जीन ११८५ अक्षरांचा.

पार्सल निघालं मे २०१९ मध्ये. नागपूरचा मे ज्यांनी पाहिला नाही त्यांना काय सांगू, ४६ डिग्री, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, आणि मी अ‍ॅक्टिव्हावर तोंडाला दुपट्टा बांधून, पर्समध्ये आजीने लू लागू नये म्हणून टाकलेला कांदा घेऊन अमरावती रोडने जायची. शुक्रवारी पार्सल शहरात आलं आणि कुरिअरवाल्यांच्या गोडाऊनमध्ये सोमवारपर्यंत पडून राहिलं. थर्माकोलचा डबा उघडला तर बर्फाचं कोमट पाणी. आत दोन वस्तू, एक आमचा जीन, सुकवलेली पावडर, नळीच्या तळाला दिसते न दिसते अशी, आणि दुसरे कॉम्पिटंट सेल्स, म्हणजे डीएनए आत घ्यायला तयार केलेले बॅक्टेरिया, जे उणे ८० ला ठेवावे लागतात. मी रडकुंडीला आले. सर म्हणाले आधी जेल तर चालव. जेल चालवली, म्हणजे डीएनए जेलीतून विजेने सरकवून आकाराप्रमाणे वेगळा केला, युव्हीखाली बघितलं तर डीएनएचा पट्टा स्वच्छ, जिथे हवा तिथे. सेल्स मात्र मेलेले, प्लेटवर एक कॉलनी, म्हणजे बॅक्टेरियाचा एक ठिपका, उगवली नाही. डीएनए लसीचे लोक जे सतत सांगत असतात ना, की हिला उणे तापमान लागत नाही, खेड्यापाड्यात नेता येईल, ते मला त्या दिवशी पटलं, कुठल्याही पेपरपेक्षा जास्त पटलं.

मग तो जीन आपल्या प्लाझ्मिडमध्ये बसवायचा. आम्ही पीव्हॅक्स-१ वापरला, साधारण ३००० अक्षरांचा, खास लसीसाठी केलेला. यात अ‍ॅम्पिसिलिनच्या ऐवजी कॅनामायसिनचा जीन असतो (असा जीन असला की त्या अँटिबायोटिकमध्ये प्लाझ्मिड घेतलेले बॅक्टेरिया तेवढे जगतात), कारण पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेली माणसं खूप, उगाच धोका नको. आणि यात जीन चालू करणारा जो स्विच असतो तो सायटोमेगॅलो व्हायरसचा, तो पण हर्पीसच्याच खानदानातला. म्हणजे घरच्याच माणसाला हाताशी धरून घर फोडायचं.

आता माझी चूक. कंपनीने दिलेल्या जीनच्या टोकांना आम्हाला हवी ती कापायची जागा नव्हती म्हणून मी पीसीआर करून, म्हणजे डीएनएच्या भरपूर कॉप्या काढून, टोकं बदलली. त्यासाठी प्रायमर, म्हणजे कॉपी जिथून सुरू होते ते डीएनएचे छोटे तुकडे, मागवले. लायगेशन केलं, म्हणजे जीन प्लाझ्मिडला जोडला, बॅक्टेरियात घातला, प्लेटवर दहा-बारा कॉलन्या आल्या, त्यातल्या आठ उचलून वाढवल्या, एन्झाइमने कापून बघितल्या, ३००० ला एक पट्टा आणि १२०० च्या जरा खाली एक पट्टा, पाच कॉलन्यांमध्ये बरोबर. ३ नंबरचा पट्टा सगळ्यात झकास दिसत होता म्हणून तीच घेतली. बाकीच्या, गोठून मरू नयेत म्हणून, ग्लिसरॉलमध्ये घालून फ्रीजरला टाकल्या. सिक्वेन्सिंग, म्हणजे अक्षर न् अक्षर वाचून घेणं, करायला हवं होतं. काही शे रुपयांचं काम, पण त्या वेळी ग्रांटचा हप्ता अडकला होता आणि मी म्हटलं साइज बरोबर आहे, कशाला, पुढे जाऊ.

पुढे जाऊन काय, तर हा डीएनए माणसाच्या पेशींमध्ये घालायचा, हेक-२९३ नावाच्या, बाटलीत वाढतात त्या, आणि ४८ तासांनी पेशी फोडून वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रोटीन वजनाप्रमाणे वेगळी करून अँटीबॉडीने हुडकतात त्यात, जीडी दिसतो का बघायचं. दिसायला हवा ५५ किलोडाल्टनच्या आसपास. नाही दिसला. परत केला, नाही. अँटीबॉडी खराब असेल म्हणून दुसऱ्या लॅबमधून मागून आणली, नाही. ट्रान्सफेक्शन, म्हणजे डीएनए पेशीत शिरणंच, होत नसेल म्हणावं तर प्लेटच्या शेजारच्या खड्ड्यात हिरवं चमकणारं जीएफपीचं प्लाझ्मिड घातलेलं, त्या पेशी मायक्रोस्कोपखाली नुसत्या लखलख करत होत्या, मला चिडवल्यासारख्या. चार महिने गेले यात. दिवाळी गेली. घरी सगळे विचारायचे आणि मी म्हणायची चालू आहे.

शेवटी सरांनी विचारलं सिक्वेन्स केलं होतंस ना. मी गप्प. ते काही बोलले नाहीत, फक्त चहा मागवला, ते बोलले असते तर बरं झालं असतं.

रिपोर्ट आला, रंगीत डोंगरांचा ग्राफ असतो, लाल हिरवा निळा काळा, एकेक डोंगर म्हणजे एक अक्षर. सुरुवातीचं एटीजी सापडलं, आणि तिथेच. एटीजी धरून तीन जी लागोपाठ हवे होते, दोनच होते. एक अक्षर गळालेलं. प्रायमर बनतानाच काही रेणूंमध्ये असं एखादं अक्षर सुटतं, आणि माझ्या ३ नंबरच्या कॉलनीत नेमका तोच आला होता. डीएनए तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो, त्यामुळे सुरुवातीलाच एक गळालं की पुढचं सगळं वाचन सरकतं, ११८५ पैकी ११८४ अक्षरं बरोबर असून प्रोटीन शून्य. आणि जेलवर एका अक्षराचा फरक कधीच दिसत नाही. ७ नंबरची कॉलनी, त्याच प्लेटवरची, चार महिने फ्रीजरमध्ये पडून होती, ती पाठवली, शंभर टक्के बरोबर. दहा दिवसांत ब्लॉटवर ५५ ला जाडजूड काळा पट्टा आला. आनंद झाला असं नाही म्हणणार, स्वतःला एक लावून द्यावी असं वाटलं.

मग उंदरांची परवानगी. आधी बायोसेफ्टीची कमिटी, मग अ‍ॅनिमल एथिक्सची, फॉर्म बी नावाचा लांबलचक फॉर्म. एका गटात आठच का, सहा का नाही, वेदना कमी करायला काय करणार, शेवट कसा करणार. त्या वेळी वैताग आला पण प्रश्न रास्त होते, आणि खरंच सहात भागलं. परवानगी आली आणि मार्च २०२० आला. लॉकडाऊन. अ‍ॅनिमल हाऊस चालू ठेवायला तिथे उंदरांची देखभाल करणारे काका एकटे पास घेऊन यायचे, आमचे सगळे प्रयोग बंद. त्या वर्षाबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं नाही.

परत सुरू झालं तेव्हा डीएनए ढीगभर लागणार होता, मिलिग्रॅममध्ये. बॅक्टेरिया रात्रभर वाढवायचे, फोडायचे, प्लाझ्मिड वेगळा काढायचा. अल्कलाइन लायसिस, १९७९ ची पद्धत, अजून तीच. कॉस्टिकसारखं द्रावण घातलं की बाटलीत शेंबडासारखा चिकट लगदा होतो, तेव्हा अजिबात जोरात हलवायचं नाही, हळूच उलटी-सुलटी करायची, नाहीतर बॅक्टेरियाचा स्वतःचा डीएनए तुटून आपल्यात मिसळतो. हे आईला दाखवलं असतं तर म्हणाली असती पाकासारखंच आहे की, हात भरभर चालवला की बिघडलं. पण खरा वैरी एंडोटॉक्सिन. बॅक्टेरियाच्या सालीचा तुकडा, शुद्ध केलेल्या डीएनएलाही चिकटून येतो, आणि ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने शिजवलं तरी मरत नाही, काचेची भांडी २५० डिग्रीला कोरडी भाजावी लागतात. तो राहिला तर उंदराला ताप येतो, सूज येते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे इम्यून रिस्पॉन्स तुमच्या लसीने आला की या कचऱ्याने तेच कळत नाही. तपासायची टेस्ट हॉर्सशू क्रॅब नावाच्या समुद्री प्राण्याच्या निळ्या रक्तापासून केलेली, नळी उलटी केली आणि आतलं घट्ट राहिलं तर नापास. माझ्या पहिल्या तीन बॅचेस नापास. जवळजवळ दोन महिने मी फक्त डीएनए धूत होते.

टोचायचा दिवस. बाल्ब-सी जातीच्या पांढऱ्या उंदरिणी, वीस-पंचवीस ग्रॅमच्या. भूल देऊन मागच्या दोन्ही पायांत इन्सुलिनच्या सिरिंजने ५०-५० मायक्रोलिटर, मिळून १०० मायक्रोग्रॅम डीएनए. एका गटाला आमचा, एका गटाला रिकामं प्लाझ्मिड, एकाला नुसतं सलाइन. माझा हात थरथरत होता. काका बाजूला उभे राहून म्हणाले, "काय बाप्पा मॅडम, ह्या उंदरायले सुया टोचून टोचून काय भेटते तुमाले?" मी म्हटलं काका, ओठावर पुळ्या येतात ना त्याची लस. तर म्हणे, "त्याले तं तुरटी लावतेत."

०, १४ आणि २८ व्या दिवशी डोस. रक्त काढून एलायझा. ९६ खड्ड्यांची प्लेट, तळाला जीडी चिकटवलेलं, त्यावर उंदराचं रक्तद्रव वेगवेगळं पातळ करून घालायचं, अँटीबॉडी असेल तर चिकटेल, शेवटी रंगाचं रसायन घातलं की निळं होतं, आम्ल टाकलं की पिवळं. पहिल्या डोसनंतर काही नाही. दुसऱ्यानंतर पहिल्या दोन ओळी फिक्या निळ्या, डोळ्यांचा भास वाटावा इतक्या. तिसऱ्या डोसनंतर दोन आठवड्यांनी प्लेट घेऊन बसले, रात्रीचे आठ, लॅबमध्ये मी आणि कूलरची घरघर. रंगाचं टाकलं, मिनिटभर काहीच नाही, मग डावीकडून निळं चढायला लागलं, पहिली ओळ गडद, दुसरी, तिसरी, पाचव्या-सहाव्यापर्यंत उतरत गेलं, आणि रिकाम्या प्लाझ्मिडच्या ओळी पाण्यासारख्या स्वच्छ. आम्ल टाकल्यावर सगळं हळदीसारखं पिवळं. मी फोटो काढून सरांना पाठवला, त्यांनी नुसतं लिहिलं, परत करून बघ. परत केलं, तेच आलं. सहापैकी चौघींमध्ये चांगलं, दोघींमध्ये जेमतेम. त्या दोघींचं का झालं नाही हे शोधायला आणखी एक प्रयोग गेला, बहुतेक द्रव स्नायूबाहेर निसटला असावा.

आता इथे लोक म्हणतील झालं की मग. इथेच खरी मेख. हिशेब करून बघा, २५ ग्रॅमच्या उंदराला १०० मायक्रोग्रॅम म्हणजे किलोमागे ४ मिलिग्रॅम. त्याच हिशेबाने ६० किलोच्या माणसाला २४० मिलिग्रॅम डीएनए लागेल, दर डोसला. एवढा कोण बनवणार आणि कोण टोचून घेणार. शिवाय उंदराच्या एवढ्याशा पायात ५० मायक्रोलिटर घुसवले की स्नायू फुगतो, त्या दाबानेच डीएनए पेशीत ढकलला जातो, माणसाच्या दंडात तेवढं टोचून कोणाला पत्ता लागत नाही. आणि डीएनएला पेशीच्या आत जाऊन भागत नाही, थेट केंद्रकात जावं लागतं, दोन दारं. एमआरएनएला एकच दार ओलांडलं की पुरे, म्हणून ते कोविडमध्ये पुढे निघून गेले. नव्वदीत फ्लूवर उंदरात डीएनए लस जोरात चालली तेव्हा सगळ्यांना वाटलं आता काय, आणि मग माणसांत बरीच वर्षं प्रतिसाद फिकाच. घोड्यांना वेस्ट नाइल तापाची डीएनए लस २००५ मध्येच मिळाली, आपण थांबलो. विजेचे छोटे झटके देऊन पेशीची भोकं उघडतात, सोन्याच्या कणांवर डीएनए लावून बंदुकीसारखा मारतात, सुईशिवाय दाबाने चामडीत सोडतात. माझं मत विचाराल तर आता लसीपेक्षा या यंत्रांवर डोकं लावलेलं बरं, पण यंत्रावर प्रोजेक्ट लिहिला की बायोलॉजीवाले म्हणतात हे इंजिनीअरिंग आहे.

२० ऑगस्ट २०२१ ला कोविडच्या झायकोव्ह-डी लसीला आपत्कालीन परवानगी मिळाली. माणसांसाठी मंजूर झालेली जगातली पहिली डीएनए लस, आणि आपली, अहमदाबादच्या झायडसची. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये तर्री पोहे मागवले होते, जणू आम्हीच बनवली. मग तिच्याबद्दल वाचायला घेतलं तर सगळं तेच, पीव्हॅक्स-१, कॅनामायसिन, २ मिलिग्रॅमचा डोस, सुई नाही तर दाबाचं यंत्र, ०, २८, ५६ व्या दिवशी तीन डोस, परिणामकारकता ६६.६ टक्के. सरकारने एक कोटी डोस घेतले, २६५ रुपयांना डोस आणि वर ९३ रुपये त्या यंत्राचे. तोवर आमच्या गल्लीतल्या सगळ्यांचे दुसऱ्या लसींचे डोस चालू झाले होते. तीन फेऱ्या आणि खास यंत्र, कोण जाणार. मला वाईट वाटलं, पण समजलं पण.

त्याच दिवसांत बाबांचे मित्र घरी येऊन म्हणाले ती डीएनएची लस घेतली की आपला डीएनए बदलतो म्हणे. त्यांना सांगितलं, काका तो प्लाझ्मिड आपल्या पेशीत स्वतःच्या कॉप्या काढू शकत नाही, आपल्या डीएनएच्या बाजूला वेगळा राहतो आणि काही काळाने संपतो, आणि तो कुठे घुसतो का हे परवानगीआधी प्राण्यांमध्ये तपासावंच लागतं. ते म्हणाले बरं बरं. पटलं नसावं.

आमचं काम तिथेच थांबलं. अँटीबॉडी आली, पेशींचा प्रतिसाद थोडा आला, पण उंदराला खरा व्हायरस देऊन तो वाचतो का हे बघायची सोय आमच्याकडे नव्हती, आणि तेवढं केल्याशिवाय त्याला लस म्हणायला माझी जीभ वळत नाही. शिवाय हा व्हायरस नसांत लपून बसणारा, रक्तातल्या अँटीबॉडीला तिथे काय कळणार. प्रोजेक्टची मुदत संपली, एक पेपर छापून आला, छोट्याशा जर्नलमध्ये, मी जानेवारी २०२२ मध्ये बाहेर पडले आणि आता एका डायग्नोस्टिक कंपनीत आहे. शेवटच्या प्रेझेंटेशनच्या दिवशी ओठावर हीऽऽ मोठी पुळी होती.

मागच्या महिन्यात त्या लॅबमधल्या नवीन मुलीचा फोन आला. दोन दिवस लाइट नव्हते, जनरेटर पण बसला, उणे ८० चा फ्रीजर पार कोमट झाला होता, ताई तुमच्या जीडीच्या नळ्या फेकू का? म्हटलं अजिबात नको ग, ग्लिसरॉलवाल्या मेल्या असतील तर असू दे, ज्या नळ्यांमध्ये नुसता डीएनए आहे त्यातून एक मायक्रोलिटर घे आणि आधी जेल चालव. संध्याकाळी तिने फोटो पाठवला, पट्टा जागेवर. मग विचारलं, ताई ३ नंबर घेऊ की ७, ३ चा जास्त छान दिसतोय.